अत्तराचे दोन फाये

खाँसाहेब तोडी गात होते, आणि त्यांच्यापासून चार हातांवर बसलेल्या किसनरावांनी भर बैठकीत उजव्या कानात बोट घातले.

एवढ्यावरून ज्यांना किसनराव गाण्याचे वैरी वाटले असतील, त्यांनी थोडे मागे चलावे. बोट तसेच राहू द्या. ते एवढ्यात निघत नाही.

अमरावतीच्या बाजारात किसनरावांचे हारफुलांचे दुकान होते. गावात गाणे कुठेही असो, थेटरात, गणपतीच्या मांडवात की शाळेच्या हॉलमध्ये, गवयाचा हार किसनरावांचा आणि हारामागोमाग पहिल्या रांगेतली जागाही किसनरावांची. गाणे ते शिकले नव्हते. तबलजीची मान खाली आली की सम आली, एवढे त्यांना बरोबर कळे. एकदा एका बुवांना खोकल्याची उबळ आली तेव्हा त्यांनी "क्या बात है!" म्हटले होते. पण दुसऱ्या दिवशी दुकानात बसून, हातवारे करून, ते अख्खी बैठक अशी सांगत की गिऱ्हाईक शेवंती विसरून ऐकत राही. त्यामुळे बाजाराने त्यांना जाणकार ठरवून टाकले होते, आणि किसनरावांनी बाजाराचे मन मोडले नव्हते.

एकच सल होता. अकरा वर्षांपूर्वी खाँसाहेब अमरावतीला आले, तेव्हा किसनराव कौंडण्यपूरच्या यात्रेत हार विकत होते. परत आले तर जो तो तोडीबद्दल बोलत होता. पुढे अकरा वर्षे किसनरावांनी लोकांकडून ऐकलेली ती तोडी लोकांनाच परत सांगितली. इतक्या वेळा, की आपण तिथे नव्हतो हे त्यांना मुद्दाम आठवावे लागे.

आणि आता खाँसाहेब अकोल्याला येत होते! खुशालरावांच्या कापसाच्या जिनात, सकाळी आठला. चैत्र होता, कापसाचा हंगाम सरला होता, सरकी काढायच्या यंत्रांवर ताडपत्र्या टाकून मधल्या जागेत सतरंज्या अंथरल्या होत्या. बायकांसाठी बाजूला आडपडद्याला बांबूची चीक सोडली होती. माणिकबाईही नवऱ्याबरोबर आल्या होत्या.

"मले गान्यातलं काय समजते?" त्या म्हणाल्या होत्या. "अकोल्याले माह्या बहिनीचं घर हाय, म्हून येतो."

दारात खुशालराव स्वतः अत्तराचे फाये देत होते. दुसरीकडे फाया म्हणजे वातीएवढा कापूस. पण जिनाचा मालक कापसात हात आखडता घेईल काय? किसनरावांच्या वाट्याला चांगला बोराएवढा फाया आला. तो त्यांनी उजव्या कानाच्या घडीत ठेवला. चार पावलांवर बाळापूरचे रहमतुल्ला अत्तरवाले भेटले. जुनी ओळख.

"किसनभाऊ, हे कोनतं लावलं?"

"खुशालरावानं देल्लं."

"अरे, ते बजारचं! हा पाहा, घरचा हिना. आना तो कान इकडे."

"राहू द्या ना बाप्पा, एक हाय ना."

"एक कान खुशालरावचा, एक माहा. काहून, मी परका हाय?"

डावा कानही भरला. इथवर काही बिघडले नव्हते. बिघडवले ते किसनरावांनी स्वतः. त्यांना माहीत होते की आज आपली मान फार हलणार. मान हलली की फाया पडणार. हारात फूल घट्ट बसवायला अंगठ्याने दाबावे तसे त्यांनी दोन्ही फाये दाबले. आत. कापूस अत्तर प्यायला, फुगला आणि बसला.

खाँसाहेबांच्या शिष्यांनी तंबोरे छेडले. तारा हलताना दिसत होत्या, पण आवाज नव्हता. 'वा!' किसनराव मनात म्हणाले. 'किती बारीक सूर लावून राह्यले!' बराच वेळ ते त्या बारीकपणावर खूश होते. मग खाँसाहेबांचे तोंड उघडले, बाजूच्यांनी माना डोलावल्या, आणि किसनरावांना आपल्या कानांतले फाये आठवले.

तेव्हा त्यांनी कानात बोट घातले. आता आपण जिथे होतो तिथे आलो.

बोटाने फाया आणखी आत गेला. खाँसाहेबांनी असे पाहिले की बोट आपोआप बाहेर आले. आपण गात असताना माणूस कान बंद करतो, हे कोणता गवई सहन करील? उठून जाणे त्याहून वाईट. भुसावळला कोणी मधेच उठला म्हणून खाँसाहेबांनी तंबोरा गवसणीत घातला होता, ही गोष्ट तर किसनरावच दुकानात सांगत असत.

इथून पुढे दीड तास खाँसाहेबांनी तोडी गायली. ती किसनरावांपर्यंत जशी पोचली तशी खाली दिली आहे:

हूं . . . . . . . . हूं . . . . . . . . . . . . हूं

कथाकाराने यात काही कमीजास्त केलेले नाही.

पण जाणकाराला दाद देणे भाग होते. तबलजी नेमके जिनाच्या लोखंडी खांबाआड बसलेले. किसनरावांनी दुसरी मान शोधली. समोर अकोल्याचे वामनराव वकील होते, दर्दी म्हणून ख्याती असलेले. त्यांनी मान हलवली की किसनरावांनी हलवायची, असे सुरू झाले. पाऊण तास बरा गेला.

मग किसनरावांच्या लक्षात आले की वामनराव मान हलवण्याआधी आपल्याकडे बघतात. अमरावतीहून खास जाणकार आलेत, हे खुशालरावांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते ना! किसनराव थांबले. वामनराव थांबले. दोघांकडे बघून माना हलवणारी सगळी बैठक थांबली. खाँसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. कोणीतरी काहीतरी करायला हवे होते.

खाँसाहेबांनी हात वर नेला, डोळे मिटले, मान मागे टाकली.

"वाहवा!" किसनराव ओरडले.

आपला आवाज केवढा लागला हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. पत्र्याखालचे पारवे उडाले तेव्हा अंदाज आला. वामनरावही लगोलग "क्या बात है!" म्हणाले. खाँसाहेबांनी तोंडावरचा पेला खाली ठेवला. ते पाणी पीत होते.

बैठक संपल्यावर खाँसाहेब स्वतः उठून किसनरावांपाशी आले, खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलले. किसनरावांचे डोळे भरून आले.

"आपलीच कृपा!" ते हात जोडून म्हणाले.

दुपारी बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर किसनरावांनी बायकोला खुणेने कान दाखवला. माणिकबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, नवऱ्याचे डोके मांडीवर दाबले आणि कणसातून अळी काढावी तसा एक फाया बाहेर ओढला. त्याच क्षणी इंजिनाने शिट्टी दिली. अकरा वर्षे वाट पाहून त्या दिवशी किसनरावांच्या कानात पडलेला पहिला सूर तो.

"अवो, हालू नका! हा दुसरा." मग हातातल्या फायाकडे पाहत त्या म्हणाल्या, "बाई बाई! याच्यात त बाळंतनीची उशी भरन. तरीच!"

"तरीच काय वं?"

"खाँसायब तुमाले काय इचारत व्हते?"

"गानं आवडलं का, असंच असन."

"'आपको कुछ तकलीफ है क्या?' असं इचारलं त्याईनं. अन तुमी म्हनलं, आपलीच कृपा!"

किसनरावांनी दोन्ही फाये रुळांवर टाकले. उद्या दुकान उघडायचे होते. बाजार वाट पाहत असणार. मग शेजारून काहीतरी ऐकू आले. माणिकबाई आकडा पदराला पुसत गुणगुणत होत्या. सूर लांब जात होता, वळत होता, आणि नेमका आपल्या जागी येऊन टेकत होता.

"हे काय म्हनून राह्यली?"

"सकाळचंच. चिकंमागं बसून दुसरं काय करन? आमाले थोडंच कोनी अत्तर देल्लं! हळदीकुंकू देल्लं अन बसवलं."

"अन तुले पाठ झालं?"

"दीड तास तेच तेच त म्हनत व्हते बिचारे."

किसनरावांनी आजूबाजूला पाहिले. ओळखीचे कोणी नव्हते. ते फलाटावरच मांडी घालून, तिच्यापासून चार हातांवर, नीट समोर बसले.

"पहिल्यापासून म्हन," ते म्हणाले.

माणिकबाईंनी म्हटले. सम आली. किसनरावांनी तिच्या तोंडाकडे बघून मान हलवली.

"थोडी लवकर हालवा," माणिकबाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.