अनारशांचा अहवाल

एका रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीवर गांजाचा वास आला. वास गांजाचाच, हे समितीतल्या पाचही जणांनी तत्काळ ओळखलं. कसं ओळखलं, हे इतिवृत्तात घ्यायचं नाही असं ठरलं. मी सेक्रेटरी, इतिवृत्त मीच लिहितो.

गच्चीच्या किल्ल्या फक्त समितीकडे असतात. त्यामुळे तपासणीची सुरुवात वॉचमन दशरथपासून करावी, असं अध्यक्ष अनिरुद्धराव म्हणाले. "अहो, गेटवर बसणारा माणूस शुद्धीत नको का?" मुद्दा रास्त होता. दशरथ अकरा वर्षं आमच्याकडे होता, जिन्याखालच्या खोलीत बायकोसह, सुंदराबाईंसह, राहायचा. नोकरी गेली की खोलीही जाणार. त्यानं निमूटपणे लघवीची बाटली भरून दिली.

चार दिवसांनी लॅबमधली चैताली अहवाल घेऊन आली. गांजा नाही. अफूचा अंश आहे.

"अफू! बाप रे, हा तर पुढच्या इयत्तेतला निघाला!" अनिरुद्धराव ताडकन उठले.

"थांबा हो काका," चैताली म्हणाली. "पहिली तपासणी नुसती शंका दाखवते. खसखस भरपूर खाल्ली तरी असं येतं. म्हणून काय खाल्लं, कुठलं औषध चालू आहे, ते आधी विचारायचं असतं. मग त्याच नमुन्याची बारकाईनं दुसरी तपासणी करायची. विचारलंत का तुम्ही?"

विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"अनारसे खाल्ले, साहेब," दशरथ म्हणाला. "दिवाळी उलटली आणि चव्वेचाळीस घरांतून डबे आले. शुगर वाढते म्हणून तुमच्याकडं आता कोणी खात नाही. अन्न टाकवत नाही हो. आम्ही आठवडाभर तेच जेवलो."

त्यात आमच्या घरचेही होते, पार दगड झालेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि किल्ल्या तुमच्याकडं आहेत," दशरथ पुढे म्हणाला, "तर तुमचीबी तपासणी करा की!"

एकदम सगळ्यांना आपापली औषधं आठवली. अनिरुद्धरावांना झोपेची गोळी, समितीतल्या नम्रताताईंना खोकल्याचं सिरप, मला कंबरेची गोळी. सभासदांचा तोंडी खुलासा ग्राह्य धरण्यात आला. वॉचमनच्या खुलाशाला मात्र पुरावा लागतो. पुराव्यासाठी दुसरी तपासणी, तिच्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी, आणि सभा थेट सप्टेंबरात. तोवर संशयित इसम गेटवर नको, म्हणून त्यानं रविवारपर्यंत खोली सोडावी, असा ठराव झाला. गच्चीवरचा वास हा स्वतंत्र विषय असल्यानं पुढे ढकलला.

रविवारी दोघं गेले. सुंदराबाई रिकामे डबे घासूनपुसून ज्याचे त्याला परत करून गेल्या.

तेव्हा सभासदहो, आता जिन्यात मला गाठून "बिचारा दशरथ, फार वाईट झालं हो" म्हणू नका. ठराव तीन दिवस आपल्या ग्रुपवर होता. तुम्ही तो उघडून पाहिला नाहीत, पण त्याखाली अंगठा मात्र पाठवलात.