दाते काकांच्या बेसमेंटमधलं बेट

दाते काकांच्या बेसमेंटमध्ये उतरायचं तर आधी हात धुवावे लागतात. साबण लावून, मनगटापर्यंत, आणि मग खडखडीत कोरडे पुसून. काका शेजारी टॉवेल घेऊन उभे असतात. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या सर्व्हिसिंगला आलेल्या माणसालाही त्यांनी सिंकपाशी नेलं होतं. तो म्हणाला, "सर, मी फर्नेस उघडणार आहे, कुणाचं पोट नाही." काका म्हणाले, "फर्नेसच्या वाटेत जेसीचं लग्न मांडलंय. आधी हात!"

ही जेसी त्यांची कुणी लागत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरून टोरोंटोत आलेल्या लोकांनी फार पूर्वी एक मंडळ काढलं होतं. जेसी त्यातली. तिच्या लग्नाचे फोटो, मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, नाचाच्या कार्यक्रमपत्रिका, चौकड्यांचे पट्टे, एक ढोल, असा सगळा संसार टोरोंटोच्याच नॉर्थ यॉर्क भागात आमच्या शेजारी, मूळ गुहागरच्या दात्यांच्या घरात राहतो. एका बरणीत तिकडची माती आहे. पीट म्हणतात तिला. वाळवून चुलीत जाळतात. माझी मुलगी लहानपणी म्हणाली होती, "काका, व्हाय डू यू हॅव डर्ट इन अ जार?"

"डर्ट नाही गं," काका म्हणाले, "गाव आहे ते."

काका पुलांचे इंजिनिअर. इथे आले तेव्हा एकटे होते. पहिल्याच हिवाळ्यात बस चुकली आणि कानांची जाणीव गेली, म्हणून दिवे दिसले त्या चर्चच्या हॉलमध्ये शिरले. आत मंडळाचं जेवण चाललं होतं. दारातल्या म्हातारीने विचारलं, "तू कुणाचा?" तिच्या बेटावर अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत, हेच विचारतात. काकांनाही प्रश्न ओळखीचा वाटला. ते म्हणाले, "गुहागरच्या दात्यांचा."

"हे कुठलं बेट?"

"बेट नाही, किनारा आहे."

"समुद्र आहे ना? मग आत ये, दार लाव."

ते जे आत गेले ते गेलेच. लग्न झाल्यावर नलूकाकूंनाही घेऊन गेले. काकू त्यांच्या हिवाळी जेवणाला दर वर्षी पुरणपोळ्या करत आणि काका नाचत. काकू म्हणायच्या, "यांचं गरब्यात पाऊल पडत नाही, पण त्या बॅगपाइपवर बघा!" हळूहळू माणसं गेली, मुलं व्हँकूवरकडे पांगली, हॉल विकला गेला. मंडळाचे चिटणीस म्हणून खोकी काकांकडे आली. नलूकाकूही काही वर्षांपूर्वी गेल्या.

यंदा काकांच्या गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला. कॅल्गरीच्या मुलाने फोनवरून घर विकायला लावलं आणि जवळच एक कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घेऊन दिला. कॉन्डोला बेसमेंट नसतो. घराची किल्ली द्यायची तारीख ठरली आणि काका माझ्याकडे आले. "मॅनेजरबाई, तुमच्या त्या याद्यांपैकी एक आम्हाला करून द्या."

याद्या मी करतेच. वाणसामानापासून विंटर टायर्सपर्यंत माझ्याकडे सगळ्याची यादी असते; लोक हसतात आणि मग तीच मागतात. मी एका विद्यापीठाच्या आर्काइव्हला फोन केला. तिथली बाई चांगली होती. म्हणाली, "कागद आनंदाने घेऊ. फोटोंवर मात्र नावं हवीत. बिननावाचे फोटो नाही ठेवून घेता येत." ढोलाला तिने गोड शब्दांत नकार दिला.

कागद बांधून झाले, खोक्यांवर चिठ्ठ्या लागल्या, पण 'फोटो' हे कलम जागचं हलेना. नावं सांगू शकणारी एकच व्यक्ती उरली होती. मंडळाच्या शेवटच्या अध्यक्षा, इझोबेलबाई. त्या नर्सिंग होममध्ये असतात आणि काका दर गुरुवारी फोटोंचं पाकीट घेऊन त्यांच्याकडे जातात. वर्षानुवर्षं. तरी फोटोंमागची नावं पेन्सिलीने लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली.

"काका, असं चाललं तर फोटो रिसायकलिंगच्या डब्यात जातील," मी म्हटलं. "या गुरुवारी मी येते."

इझोबेलबाई खिडकीशी व्हीलचेअरमध्ये ताठ बसल्या होत्या. काकांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "मिस्टर दाते, तुमचे मोजे दोन जातीचे आहेत."

"एकाच घरातले आहेत," काका म्हणाले आणि फोटो पुढे केला. "ही डावीकडची कोण?"

"मॅगी."

"गेल्या गुरुवारी ॲनी म्हणालात."

"गेल्या गुरुवारी उजेड वाईट होता."

काकांनी शांतपणे ॲनी खोडून मॅगी लिहिलं आणि ते चहा आणायला गेले. मी वेळ न घालवता बाईंना सरळ सांगितलं: घर विकलंय, नावं मिळाली नाहीत तर फोटोंना जागा नाही.

त्यांनी पाकीट मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "पेन्सिल आहे? लिही भराभर." आणि एकेक फोटो उचलून, डावीकडून उजवीकडे, न अडखळता सगळी नावं सांगितली. कुणी कुणाला लग्नाच्या आदल्या दिवशी सोडलं तेही सांगितलं.

"तुम्हाला सगळं येत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सगळं एकदम सांगितलं असतं तर हा गृहस्थ परत आला असता का?"

परतताना गाडीत मी काकांना तो कागद दिला. त्यांनी वाचला, घडी घातली. "सांगितली अखेर. तिला येतात हे मला केव्हाच कळलं होतं."

"अहो, मग दर आठवड्याला खोडत काय बसायचात?"

त्यांनी रस्त्याकडेला फावड्याने लोटलेल्या बर्फाच्या ढिगांकडे पाहिलं. "नलू गेल्यापासून माझे मोजे कोण बघतंय, वैशाली?"

मी वायपर लावले. त्यांची गरज नव्हती.

आर्काइव्हची व्हॅन येऊन खोकी घेऊन गेली. काकांनी ड्रायव्हरलाही हात धुवायला लावले. घराची किल्ली वेळेवर दिली, कॉन्डोत गॅस नसल्याबद्दलची काकांची कुरकुर ऐकून घेतली, ढोल माझ्या बेसमेंटमध्ये आला. सगळी कलमं खोडली आणि कितीतरी दिवसांनी मी निवांत झोपले.

गुरुवारी दुपारी दारात काका. कोट, टोपी, हातात काही नाही.

"चल ना जरा. पाकिटाशिवाय तिच्याकडे कधी गेलोच नाही. काय बोलायचं असतं, सुचत नाहीये."

नर्सिंग होमच्या लिफ्टमध्ये त्यांनी दोनदा घसा खाकरला. इझोबेलबाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"फोटो?"

"संपले," काका म्हणाले.

बाईंनी शेजारच्या खुर्चीवर पसरलेली आपली शाल ओढून मांडीवर घेतली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता नीट बसा तरी."