पंधरा नंबरचं झाकण

एका जंगलात एक मोटार होती. हसता काय? होती म्हणजे होती. केसोजीराव अस्वलांच्या आजोबांनी ती हौसेनं घेतलेली. पितळी दिवे, लांबलचक बॉनेट, आणि आवाज असा की ससे थेट बिळात!

मोटारीची एकच खोड. घाट लागला की पाणी तापायचं. मग रेडिएटरचं झाकण जरा उचललं जायचं आणि फुस्स करून वाफ सोडायचं. बाळांनो, झाकणाचं कामच ते. पण माकडांना कोण सांगणार? ती झाडावरून ओरडायची, "केसोजीरावांची मोटार दमली रे!"

अशात केसोजीरावांच्या मधुराचं लग्न ठरलं. स्थळ वरच्या रानातलं, मांडव घाटमाथ्यावर. त्या जंगलाची रीत अशी, की बापानं नवरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा. मुहूर्त मात्र कुणासाठी थांबायचा नाही. बाप नसला तर मामानं हात द्यायचा. त्या एका क्षणासाठी केसोजीराव पोरीच्या जन्मापासून जीव टाकत होते. नुसता विषय निघाला तरी त्यांचे डोळे भरून यायचे.

"पण वऱ्हाडासमोर फुस्स झालं तर? नाकच कापलं जाईल!" असं म्हणून ते तडक काटेशेठ साळिंदराच्या दुकानात गेले. बायको भागूबाईही जुनं झाकण घेऊन बरोबर आली.

काटेशेठनं झाकणं मांडली. "हे चार नंबर, हे सात, हे पंधरा. जितका मोठा नंबर, तितकी वाफ कोंडून धरणार."

"अहो, आपल्या जुन्यावर चार लिहिलंय," भागूबाई म्हणाली. "रेडिएटर म्हातारा झालाय. त्याचे सांधे सोसतील का?"

"व्याह्यांच्या जीपला किती आहे?" केसोजीरावांनी शेठला विचारलं.

"तेरा."

"मग पंधरा द्या. आपण काय त्यांच्या खाली बसायचं?"

"अहो, त्यांची जीप नवी आहे!"

"गाडी नवी असेल, पण घराणं आपलं जुनं आहे."

भागूबाईनं जुनं झाकण पिशवीत टाकलं.

लग्नाच्या दिवशी मामा सकाळीच चालत निघाला. "मला त्या मोटारीचा भरवसा नाही," म्हणाला. सगळे त्याला हसले.

मोटार घाट चढू लागली. फुस्स नाही की फास्स नाही. माकडं गप्प. केसोजीरावांची मान अशी ताठ, की वाटेतल्या फांद्या त्यांना लागत होत्या.

आणि शेवटच्या वळणावर धडाड!

रेडिएटर मधोमध फाटला. पाणी वाहून गेलं. मोटार जागच्या जागी बसली. वरून मंगलाष्टकं ऐकू येऊ लागली.

"आबा, उतरा, चालत जाऊ!" मधुरा म्हणाली. "एवढं एकच वळण राहिलंय."

"तुम्ही व्हा पुढे. हा आलोच."

मायलेकी शालू सावरत पळाल्या. केसोजीरावांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या चिंध्या झाल्या होत्या. झाकण मात्र जागच्या जागी! माकडं खाली उतरली. "अरे वा! हे तर हललंसुद्धा नाही!"

"हलेल कसं? पंधरा नंबर आहे!" केसोजीरावांची छाती फुगली. "या, हात लावून बघा."

एकेक माकड येऊन हात लावू लागलं. रांगच लागली म्हणा ना. शेवटचं माकड हात लावत होतं, तेवढ्यात वर वाजंत्री वाजली.

मधुराचा हात मामानं दिला होता.

केसोजीराव मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे ढसाढसा रडले. माकडांनाही फार वाईट वाटलं. इतकं की दुसऱ्या दिवशी काटेशेठच्या दुकानात पंधरा नंबरचं एकही झाकण उरलं नाही.

तात्पर्य : वेळच्या वेळी वाफ सोडणाऱ्याला खुशाल हसावं. सगळं फुटेपर्यंत जो हलत नाही, त्याला खंबीर म्हणावं. फक्त घरात लग्न असेल, तर मामाला आधी चालत पाठवावं.