विनापरवानगी घटलेली चरबी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या हेडक्लार्कना यकृत आहे, ही गोष्ट कार्यालयाला अधिकृतरीत्या कळली ती वार्षिक आरोग्य तपासणीत. तोवर त्यांना फक्त बैठक आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. तक्रार घेऊन खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला ते "जरा सबूर करा" म्हणून सांगत, त्यामुळे त्यांचं नावच सबूरराव पडलं होतं. त्यांच्या खुर्चीला चाकं होती. टेबलापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून चहाच्या थर्मासपर्यंत ते टाचेने हलकासा रेटा देऊन जात. साहेबांनी बोलावलं, तर केबिनच्या दारापर्यंत खुर्चीने जाऊन उरलेलं अंतर नाइलाजाने चालत.

तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे सरकवला.

"फॅटी लिव्हर आहे. लिव्हरमध्ये चरबी साठलीय. सुरुवातच आहे, घाबरू नका."

"गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"गोळ्या नाहीत. रोज चाला, वजन उतरवा, गोड आणि तळलेलं कमी करा. आणि एका जागी बसून राहू नका."

"ते झालंच. पण औषध?"

"हेच औषध."

सबूरराव खट्टू झाले. गोळी नसलेला आजार म्हणजे जावक क्रमांक नसलेलं पत्र. चारचौघांत दाखवायचं तरी काय?

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. दरवर्षी सबूररावांच्या पँटची कंबर उसवून सैल करणं हे तिचं वहिवाटीचं काम. 'लिव्हर' हा शब्द कानावर पडताच तिने यंत्र थांबवलं.

"कधीपासून पिताय?"

"अगं, न पिताही होतं म्हणे."

"सगळे पिणारे असंच म्हणतात."

तिने घर पालथं घातलं. बाटली निघाली नाही. पण जुन्या पडद्यांच्या गाठोड्यामागून क्रीमच्या बिस्किटांचा भलामोठा डबा निघाला, तळाशी नुसता चुरा असलेला. बायको मटकन खालीच बसली.

"बाटली निघाली असती तर परवडलं असतं," ती डबा उलटा करत म्हणाली. "बाटलीत मला वाटा नकोच होता. पण क्रीमची बिस्किटं, अहो? एकट्याने? मी इथे तुमच्या पँटी उसवत बसायचं आणि तुम्ही त्या भरत बसायचं?"

सबूररावांना त्या क्षणी यकृतापेक्षा संसाराची काळजी जास्त वाटली. निकाल लगेच लागला: यापुढे एकही पँट उसवली जाणार नाही, आणि उद्यापासून सकाळी दोघांनी चालायला जायचं.

सकाळचं तर ठरलं, दिवसभराच्या बसण्याचं काय? सबूरराव साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, तासातासाला जरा चालायची परवानगी हवी होती. लिव्हरसाठी."

साहेबांनी चष्मा काढला. "सबूरराव, बसलेला कर्मचारी हजर असतो. चालणारा कर्मचारी कुठेतरी निघालेला असतो. आणि निघालेला कर्मचारी गैरहजर असतो. यात मी काय करणार?"

"मग मी काय करू?"

"विषय वर पाठवतो. तोवर बसा."

वरच्यांनी विषय फारच मनावर घेतला. 'यकृत संवर्धन समिती' स्थापन झाली आणि या क्षेत्रातला प्रत्यक्ष अनुभव असलेले एकमेव कर्मचारी म्हणून सबूरराव तिचे अध्यक्ष झाले. समितीची बैठक रोज दुपारी भरू लागली. उपाशीपोटी आरोग्याचा विचार सुचत नाही, म्हणून केक येऊ लागला. पहिल्याच आठवड्यात 'दीर्घकाळ बसणे घातक आहे' हा ठराव, दीर्घकाळ बसून, एकमताने मंजूर झाला.

पुढे समितीने सुरक्षिततेकडे लक्ष वळवलं. यकृतबाधित कर्मचारी जिन्यात कोसळला तर जबाबदार कोण? म्हणून बाधितांना जिना वापरायला मनाई झाली आणि लिफ्टमध्ये त्यांच्यासाठी स्टूल आलं. साध्या खुर्चीत त्यांना त्रास होईल, म्हणून रेलता येणारी गुबगुबीत खुर्ची आली. खिडकीकडची जागा मिळाली. झालं! सगळ्या कार्यालयाने तपासणीसाठी रांग लावली. निम्मे लोक बाधित निघाले आणि एकमेकांना पेढे नाही तरी पेस्ट्री वाटत सुटले.

स्टेनोबाई मात्र रिपोर्ट हातात धरून हुंदके देत होत्या. अंगाने काटकुळ्या असल्यामुळे त्यांना सगळे 'काडी' म्हणत.

"माझं नॉर्मल आलं, सबूरराव! मी तुमच्याआधी नोकरीला लागले. सेवाज्येष्ठता माझी आणि चरबी तुमची? हा कुठला न्याय?"

"बाई, जरा सबूर करा. केक घ्या."

काडीबाईंनी डोळे पुसले आणि निर्धाराने दोन तुकडे उचलले.

खरा पेच पुढे आला. साहेबांचंही यकृत स्वच्छ निघालं. हाताखालच्या माणसाच्या यकृतात चरबी आणि वरिष्ठाच्या यकृतात काहीच नाही, ही शिस्तीच्या दृष्टीने नाजूक बाब होती. साहेबांनी फेरतपासणी मागितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अभिनंदन, अगदी तंदुरुस्त आहात!" तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. "जरा नीट शोधा ना," ते हळूच म्हणाले. "कोपऱ्यात वगैरे कुठे असेल."

या सगळ्या धामधुमीत सबूरराव रोज सकाळी बायकोबरोबर चालत होते. आधी बागेच्या फाटकापर्यंत जाताच त्यांना धाप लागे आणि ते बाकाकडे आशेने पाहत. बायको म्हणे, "बाकावर बसलात तर मी एकटीच पुढे जाईन." ती खरंच पुढे जाई. मग तिला गाठायला त्यांना भरभर चालावं लागे. हळूहळू गाठणं जमू लागलं आणि गाठल्यावर बोलणंही. शिवायला आलेलं कुणाचं कापड बिघडेल अशी तिला धास्ती असते, तिचे गुडघे दुखतात, तिला क्रीमपेक्षा जॅमची बिस्किटं आवडतात, हे सगळं सबूररावांना इतक्या वर्षांनी कळलं. समितीतला केक ते रुमालात बांधून काडीबाईंकडे सरकवत. एके दिवशी पँट कमरेवरून घसरली. बायकोने आनंदाने सुई-दोरा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पँटची कंबर आत घेतली.

पुढच्या तपासणीत सबूररावांचं यकृत नॉर्मल आलं. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. कार्यालयाने चौकशी लावली.

"सबूरराव," साहेब गंभीरपणे म्हणाले, "ही चरबी कार्यालयाच्या दप्तरी नोंदलेली होती. तिच्या नावावर लिफ्टचं स्टूल आहे, खुर्ची आहे, समिती आहे. तुम्ही ती परस्पर नष्ट केलीत. कुणाची परवानगी घेतली होती?"

"साहेब, मी फक्त चाललो."

"म्हणजे कबूल करताय!"

"पण समितीचा उद्देशच तो होता ना?"

"समितीचा उद्देश संवर्धन हा आहे. नाव नीट वाचा. आणि अध्यक्षच बरा झाला तर उद्या सगळे बरे होतील. मग समितीने काय करायचं?"

सबूररावांचं अध्यक्षपद गेलं, खुर्ची गेली, खिडकी गेली. ती सगळी त्याच आठवड्यात बाधित ठरलेल्या काडीबाईंना मिळाली. सबूररावांची बदली दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचण्याच्या कामावर झाली. शिक्षा कडक असावी म्हणून त्यांना लिफ्ट नसलेल्या इमारती देण्यात आल्या.

बदलीचं ऐकून बायकोने त्यांच्यासाठी चांगले बूट आणले आणि संध्याकाळी दोघांनी मिळून जॅमचं एकेक बिस्किट खाल्लं. सबूरराव आता जिने चढून घरोघरी जातात. लोक दार उघडायला वेळ लावतात, कारण त्यांना सोफ्यावरून उठायला वेळ लागतो. सबूरराव दाराबाहेर उभे राहून वाट पाहतात.

समिती जोरात चालू आहे. तिने नुकतीच फॅटी लिव्हरवर एक विनोदी गोष्ट लिहवून घेतली. समितीच्या अंदाजाप्रमाणे वाचक ती एका जागी बसून, मध्ये एकदाही न उठता, शेवटपर्यंत वाचतात आणि 'आमच्या शेजाऱ्यांना अगदी लागू पडते' असं म्हणतात. प्रयोग यशस्वी झाला, असं समितीचं मत आहे. आपल्या सहकार्याबद्दल समिती आपली आभारी आहे. उठण्याची तसदी घेऊ नये.