त्रेमोलिएर साहेबांची किंकाळी

आधीच सांगतो, सेटवर गाण्याची टेप वाजवणारा माझ्याइतका तरबेज माणूस तेव्हा उभ्या फ्रान्समध्ये नव्हता! बावीस वर्षांत एक सूर इकडचा तिकडे नाही.

बासष्ट साली आम्ही दोन महिने ल्वार नदीकाठच्या एका शातोत, म्हणजे सरदारी वाड्यात, दोनशे वर्षं जुन्या विनोदी ऑपेराचा सिनेमा करत होतो. गाणी पॅरिसमध्ये आधीच ध्वनिमुद्रित झालेली. मी टेप लावायची, नटांनी ओठ हलवायचे. नायक तांगी दिसायला राजबिंडा, पण गळा असा की कावळ्यालाही कीव यावी! त्याचा आवाज म्हणजे थोर गायक मस्यू त्रेमोलिएर.

शेवटचा दिवस, एकच गाणं बाकी. आचाऱ्याच्या वेषातला नायक हातात सूपचं भांडं घेऊन, प्रेयसीच्या खडूस काकासमोरच तिला प्रेमगीत ऐकवतो. शातोची मालकीण काउंटेसबाई. त्यांनी बजावलं होतं, "सहाच्या ठोक्याला बाहेर! उद्या इथं माझ्या पुतणीचं लग्न आहे."

साडेचारला मी टेपच्या चकतीवर सॉसेज ठेवून हात धुवायला गेलो. तेवढी एकच जागा स्वच्छ होती हो! परत येतो तर काउंटेसबाईंचा कुत्रा पोम्पो अर्धं सॉसेज आणि पाऊण प्रेमगीत खाऊन बसलेला! तोंडातून टेप शेवयांसारखी लोंबत होती. पुरावा नको म्हणून उरलेलं सॉसेज मी मागच्या खिशात कोंबलं.

"बार्नाबे!" दिग्दर्शक ब्रिसो साहेबांचा चेहरा बीटासारखा झाला. "दुसरी टेप?"

"पॅरिसला, साहेब."

"आणि त्रेमोलिएर?"

"तेही पॅरिसला."

"मग तू इथं कशाला आहेस?"

प्रश्न रास्त होता. मी छाती पुढे काढली. "साहेब, गाणं मला पाठ आहे. मी टेबलाखाली बसून गातो, तांगी ओठ हलवेल. खरा आवाज नंतर पॅरिसमध्ये चिकटवा!"

ब्रिसोंनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच. "घुस," म्हणाले. मग तांगीकडे वळले, "हे बघ, टेबलाखालून जे येईल ते हुबेहूब तुझ्या तोंडावर दिसलं पाहिजे. समजलं?"

"जे येईल ते!" तांगी गंभीरपणे म्हणाला. फार आज्ञाधारक पोरगा!

नंतर पॅरिसमध्ये लय जुळवता यावी म्हणून माझं गाणंही टिपायला माझ्यापुढे माइक ठेवला. मी सुरू केलं. काय लागला होता आवाज म्हणून सांगू! "तुझ्या डोळ्यांच्या तळ्यात..." इथपर्यंत आलो आणि मागून ओलं नाक लागलं. पोम्पो! मी गाता गाता लाथेनं ढकललं. तो गुरगुरला. मी वरच्या सुरावर चढलो, आणि त्यानं सॉसेज धरलं. खिशासकट. आतल्या माझ्यासकट!

जी किंकाळी फुटली, ती नदीपलीकडच्या गायींनी मान वळवून ऐकली म्हणतात.

आणि तांगी? त्यानं डोळे पांढरे केले, जबडा वासला, पार्श्वभागावर हात ठेवून हातभर उडाला! भांडं सुटलं, अख्खं सूप काकाच्या विगवर! विगच्या बटांतून सूप टपटपू लागलं आणि प्रेयसी खरोखर हसत खुर्चीवरून खाली आली.

"कट!" ब्रिसो रडत होते. मला वाटलं, गेली नोकरी. तर ते म्हणाले, "अप्रतिम! दोनशे वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं!"

पण पॅरिसला नवीनच पंचाईत. त्रेमोलिएर साहेबांच्या टेपमध्ये किंकाळी कुठाय? त्यांना बोलावलं. अकरा वेळा किंचाळले, पण काय उपयोग? प्रत्येक वेळी सुरात!

"बार्नाबेचीच ठेवू," ब्रिसो म्हणाले.

"ठेवा," त्रेमोलिएर फणकारले, "पण ती माझी म्हणून! या इसमाचं नाव पडद्यावर आलं तर मी कोर्टात जाईन."

सिनेमा लागला. किंकाळीला सगळं थिएटर डोक्यावर! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, "त्रेमोलिएर यांच्या कंठात एवढी वेदना प्रथमच ऐकली." वेदना! तीन टाके पडले होते मला!

पहिल्या खेळाला बायको इवेतनं माहेरची अकरा माणसं जमवली होती. शेवटी नावांची यादी सुरू झाली. सुतार आला, शिंपी आला, मेणबत्तीवाला आला, आभारांत पोम्पोसुद्धा आला! दिवे लागले.

सासूबाईंनी चष्मा पुसला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि इवेतला विचारलं, "पोरी, ते दोन महिने हा नक्की कुठं होता गं?"