भोये सरांचं दिसेल असं वाचन

भेंडीवरच्या किडींचं पुस्तक वाचताना खो-खो हसणारा माणूस मी एकच पाहिलाय. जव्हारजवळच्या आमच्या आश्रमशाळेतले भोये सर. मी गणित शिकवतो, ते मराठी.

सर आधी असे नव्हते. धडा स्वतः वाचायचे, मुलं मागून ओरडायची, झालं वाचन. नववीतलं पोर एकटं उभं केलं की पहिल्याच ओळीत अडकायचं. मग सरांना प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "शिक्षक आनंदाने वाचताना दिसला, की मुलंही वाचतात." सरांनी तेवढं एकच वाक्य धरून आणलं, आणि त्यातलाही 'दिसला' हा शब्द.

दुसऱ्या दिवसापासून सर दिसायला लागले. वर्गात, एसटी स्टँडवर, न्हाव्याकडे तोंडाला फेस लावून. दाभोशा गावाला जाणाऱ्या जीपला मागे लटकूनसुद्धा, एका हातात पुस्तक. हाताला लागेल ते. आणि आनंद दिसावा म्हणून मोठ्याने "अरे वा!", "बाप रे!"

"सर, पुस्तक उलटं आहे," मी एकदा म्हणालो.

"आनंद सुलटा आहे ना?"

एके दिवशी नववीच्या वर्गात ते टेबलावर हात आपटून ओरडले, "मेला एकदाचा!"

"कोन मेला, सर?" मागच्या बाकावरून मंजुळाने विचारलं. जामसरची ही पोरगी वर्गात कधी तोंड उघडत नसे.

सर गडबडले. "वाच, म्हणजे कळेल," म्हणत पुस्तक तिच्यापुढे ठेवून बाहेर सटकले.

तिने अक्षराला अक्षर लावत पान वाचून काढलं. सगळा वर्ग तिच्याभोवती. शेवटी ती वैतागली. "यात तं मावा मेलाय. भेंडीवरचा किडा!"

पोरं हसून लोळली. मग खरंच कोणी मरतं का ते शोधायला त्यांनी पुस्तकांचं कपाट उघडायला लावलं. दिवाळीपर्यंत नववी अडखळत का होईना, एकेकटी वाचू लागली.

सुट्टीला घरी निघताना मंजुळाने सरांच्या हातात गोष्टींचं पुस्तक ठेवलं. "हे खरं वाचा, सर. मी आल्यावर इचारणार."

सुट्टीत काही सामान न्यायला मी शाळेत गेलो. वसतिगृह रिकामं. तिथेच राहणारे सर ओट्यावर एकटेच, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. तोंडातून आवाज नाही. मी शेजारी बसलो तरी वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पुस्तक मिटलं.

"संपलं?"

"शेवटची गोष्ट ठेवलीय," सर हळूच म्हणाले. "तीही संपली, तर पोरं येईपर्यंत सोबत कुणाची?"