उद्यापन राहिलेलं जंगल

मुलांनो, पाय पुसून आत या आणि सतरंजीवर नीट बसा.

मागे माझ्या नातीला, शाल्मलीला, कांजिण्या आल्या होत्या. ताप काही उतरेना. तापात ती आपल्या व्हिडिओ गेममधल्या देवींना हाका मारायची. त्या गेममध्ये तीन देवी आहेत म्हणे, आणि त्यांनीच आतलं सगळं जग घडवलं. मी लगेच हात जोडले. म्हटलं, बायांनो, पोरीचा ताप उतरू दे, तुमची कहाणी मी चार मुलांना बसवून सांगेन. काचेतल्या असल्या म्हणून काय झालं? देवी त्या देवी. ताप उतरला. अर्धी कहाणी मला नातीने सांगितली, उरलेली अर्धी पोळ्या लाटता लाटता आपोआप समजली. तर ऐका.

एका जंगलात काहीच नव्हतं. जंगलसुद्धा नव्हतं. नुसती काळी काच होती.

तिथे तीन बहिणी आल्या. थोरली भुईमाय, मधली रंगमाय आणि धाकटी हालमाय. तिघींनी व्रत घेतलं. दर शुक्रवारी एक तरी वस्तू घडवायची, ती घडल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. भुईमाय माती थापून आकार द्यायची. रंगमाय त्याला रंग द्यायची. मग हालमाय बोट लावायची, की ती वस्तू हलायला लागायची. अशी झाडं झाली, हरणं झाली, मधमाश्या झाल्या. एकदा गडबडीत डोंगरालाही बोट लागलं. तो अजून मधूनमधून सरकतो.

पण व्रताचं कसं असतं, ते तुम्ही आपापल्या आईकडे बघून जाणताच. सुरू करताना हौस असते. शेवट जवळ आला की नेमकं कुणाचं तरी लग्न निघतं. या बहिणींचंही तसंच झालं. काचेबाहेरच्या लोकांना जंगल फार आवडलं आणि त्यांनी ओरडा सुरू केला, "दुसरा भाग कधी? दुसरा भाग कधी?" तिघी पदर खोचून दुसरा भाग घडवायला धावल्या. पहिल्या भागाचं उद्यापन राहून गेलं.

उद्यापन म्हणजे व्रताची सांगता. सवाष्णींना जेवू घालायचं, शेवटी विडा द्यायचा. विडा घेतला की व्रत पुरं झालं.

ते राहिलं, आणि जंगलातलं कायकाय राहिलं म्हणून सांगू! बगळ्याला एकच पाय होता. दुसरा करायचा राहिला होता. कोणी विचारलं की तो म्हणायचा, "मी ध्यान करतोय." धबधब्याला आवाज नव्हता. डोंगराला मागची बाजू नव्हती. एक ससा कुतूहलाने डोंगरामागे गेला, आणि परत आला तेव्हा त्यालाही मागची बाजू नव्हती.

हसू नका. त्याला बसायला किती त्रास होत असेल!

सगळ्यात वाईट झालं टिटवीचं. तिच्या अंड्यांना भुईमायने आकार दिला होता. रंगमायने त्यांवर सुरेख ठिपके काढले होते. हालमायचं बोट तेवढं लागायचं राहिलं होतं. टिटवी ती अंडी उबवत बसली. बाकीच्या पाखरांची पिलं उडून गेली, त्यांना पिलं झाली, तीही उडून गेली. टिटवी बसूनच होती.

"आज आत काहीतरी हललं बरं का, बगळेबुवा," ती रोज सकाळी सांगायची.

"तूच हलली असशील," बगळा म्हणायचा.

त्यात आणखी एक जाच होता. बाहेर कोणी खेळायला बसलं, की जंगलात राक्षस उठायचा आणि जाळपोळ करायचा. त्याला मारायला मग एक वीर यायचा. वीर कधी बोलत नसे. नुसता "हा!" म्हणायचा. राक्षसाला गाठण्याआधी तो घराघरांत शिरून मडकी फोडायचा. मडक्यांचा राक्षसाशी काय संबंध, हे कोणी विचारत नसे. वीरच तो. टिटवी म्हणायची, "त्यापेक्षा राक्षस परवडला. तो निदान बाहेरच्या बाहेर जाळून जातो."

असं किती वेळा झालं, मोजदाद नाही. शेवटी सगळे प्राणी बगळ्याकडे गेले. एका पायावर उभा राहतो, म्हणजे त्याला कळत असणार, असं सगळ्यांना वाटायचं.

"बुवा, राक्षस मेला तरी परत कसा उठतो?"

बगळ्याने डोळे मिटले. "उद्यापन राहिलंय. व्रत अर्धवट, म्हणून जग अर्धवट. देवींना जेवायला बोलवा. उद्यापन झालं, की राहिलेलं सगळं पुरं होईल."

"सगळं?" टिटवीने विचारलं.

"सगळं."

"अंडीसुद्धा?"

"माझा पायसुद्धा," बगळा म्हणाला, आणि मग घाईने, "म्हणजे, मला त्याची गरज नाही."

टिटवीने त्याच क्षणी कामाला हात घातला. तुम्हाला ठाऊक आहे, टिटवी ओरडली की लोक अपशकुन म्हणतात, शुभकार्यात तिला कोणी पुढे करत नाही. ती कोणाच्या परवानगीला थांबलीच नाही. अंडी टोपलीत घालून चुलीजवळ ठेवली, आणि पुरण शिजायला टाकलं. अस्वलाने पाट मांडले. मागची बाजू नसलेल्या सशाने रांगोळी काढली. तीही पुढून पुढूनच काढली. बगळा उडत गेला आणि जिथे जमीन संपते तिथून अक्षता टाकून आवतण देऊन आला.

तिघी आल्या. कोपरापर्यंत हात निळे. दुसऱ्या भागात समुद्र चालला होता ना!

"अगं बाई, पाट, रांगोळी!" भुईमाय म्हणाली. "किती दिवसांनी कोणी पान वाढतंय."

"आम्हाला नुसत्या शिव्याच देतात सगळे," रंगमाय म्हणाली. "गवत हिरवं का, म्हणून. आता गवत काय जांभळं करू?"

टिटवीने पाय धुतले, हळदकुंकू लावलं, पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, खीर. देवी जेवायला बसल्या. टिटवी एका पंखाने वारा घालत होती आणि डोळा टोपलीवर ठेवून होती.

पोळीवर तुपाची धार घेता घेता भुईमाय म्हणाली, "बरं झालं बाई बोलावलंस. आज विडा घेतला की आम्ही मोकळ्या. हे आवरून टाकता येईल."

"हे म्हणजे पानं ना? ती मी आवरीन, माय."

"पानं नाही गं, जंगल. पूजा झाली की चौरंगावरची मांडणी आपण उचलतोच की! व्रत संपलं, मांडणी उचलली. मग काळ्या काचेवर आमची नावं येतात. खालून वर सरकत जातात. फार छान दिसतं."

टिटवीचा पंख थांबला.

"पण माय, बुवा म्हणाले उद्यापन झालं की राहिलेलं पुरं होतं."

"पुरं होणं म्हणजे तेच. संपतं."

बगळा समोरच उभा होता. त्याने ध्यान लावलं, आणि या वेळी ते खरंच लागलं असावं, कारण तो पडला.

टिटवी चुलीपाशी आली. अस्वलाने विडे बांधायला घेतले होते. पानं होती, चुना होता, कात होता, लवंग होती. सुपारी तेवढी फोडायची राहिली होती.

"वहिनी, आता कसं?" अस्वल कुजबुजलं. "विडा नको देऊया."

"बुद्धी चालते का तुमची, भाऊजी? जेवायला बसवून विडा नाही द्यायचा? घरात देवी आल्यात!"

"मग देऊया."

"आणि माझी पोरं?"

टिटवीने सुपाऱ्यांचं ताट पुढे ओढलं. एकेक सुपारी चोचीने ठोकून पाहिली. एक सुपारी वाजलीच नाही. तिला आत काही नव्हतं आणि बाहेरही विशेष नव्हतं. भुईमायने आकार द्यायच्या आधीच रंगमायने घाईत रंगवून ठेवलेली, नुसती सुपारीची गोल चकाकी. अशी वस्तू फुटत नाही. फुटायला आधी असावं लागतं.

टिटवीने बाकीच्या सुपाऱ्या धबधब्यात सोडून दिल्या. कोणाला आवाज गेला नाही.

"माय," तिने बाहेर जाऊन हात जोडले, "विडा तयार होतोय. सुपारी फुटली की देतेच. विडा घेतल्याशिवाय उठायचं नाही हं."

"छे, विड्यावाचून कसं उठणार?" भुईमाय म्हणाली आणि मांडी सैल केली.

यात खोटं काही नव्हतं. विडा तयार होतच होता. अस्वल अडकित्ता घेऊन बसलं होतं. अडकित्ता मोडला. मग दगड आणला. दगड फुटला.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खेळायला बसलं असावं. राक्षस उठला, गरजला आणि जाळायला पलिता उचलला. पाठोपाठ वीर आला. "हा!" म्हणाला आणि मडक्यांकडे वळला.

"ए वीरा!" टिटवी ओरडली. "मडकी काय फोडतोस? मडकी कोणीही फोडेल. ही सुपारी फोड बघू!"

वीराने तलवार उगारली. तीच ती दैवी तलवार, जिने राक्षसाचे दर वेळी तुकडे व्हायचे. तलवार खणकन उलटली. सुपारीवर ओरखडाही नाही.

राक्षस हसायला लागला. "दे इकडे. पोरखेळ आहे."

त्याने दाढेखाली घातली. दाढ हलली. त्याने सुपारी काढून डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाला, "धर रे वीरा, तू असा वरून धर, मी खालून ठोकतो."

"हा," वीर म्हणाला. या वेळी प्रेमाने म्हणाला.

तेव्हापासून दोघे सुपारीला बसले आहेत. कित्येकांनी त्यांना बाहेरून बटणं दाबून उठवायचा प्रयत्न केला. ते उठत नाहीत. मधे एकदा राक्षस वीराला म्हणाला, "तुला भूक लागली असेल," आणि दोघांनी पोळी खाल्ली.

इकडे देवी वाट बघत बसल्या. राक्षसाने उजेडात धरलेली सुपारी रंगमायला पाटावरून दिसली. आपल्या हातचा रंग बाई ओळखणार नाही का? तिने थोरलीकडे पाहिलं, टिटवीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ताई, वाटीभर खीर घे ना अजून."

"घेते. पण समुद्र राहिलाय तिकडे."

"राहू दे. तो कुठे जातोय?"

हालमायला मात्र नुसतं बसवेना. धाकट्यांना बसवतच नाही. "टिटवे, काहीतरी काम दे गं हाताला."

टिटवी टोपली घेऊन आली. "एवढं बघता का, माय? जमलं तर. नाही तर राहू दे."

हालमायने एकेका अंड्याला बोट लावलं. काही झालं नाही. तिने परत लावलं. सुपारीवाल्यांनीही ठोकणं थांबवलं.

"बोटाला निळं लागलंय ना," हालमाय ओशाळून म्हणाली, आणि पदराला बोट पुसलं, आणि पुन्हा लावलं.

टक.

टिटवीने कान लावला. "आत काहीतरी हललं, बगळेबुवा!"

बगळा जमिनीवरूनच म्हणाला, "या वेळी मी पाहिलं."

कवच तडकलं. एक ओलं, ठिपकेदार पिलू बाहेर आलं. त्याच्या मागून दुसरं. टिटवीची पिलं जन्मताच धावतात, ती पाटांमधून, देवींच्या पानांमधून, राक्षसाच्या पायांमधून धावत सुटली. एकाच्या अंगाला निळा ठिपका आहे. टिटवी त्यांच्या मागे ओरडत पळाली, आणि तिच्या ओरडण्याला कोणी अपशकुन म्हटलं नाही.

बसल्या बसल्या हालमायने बगळ्यालाही पाय दिला. त्याला तो कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून तो वर दुमडून धरतो. ससा अजून रांगेत आहे. भुईमाय म्हणते, "आधी डोंगराची मागची बाजू, मग तुझी." आणि थोड्या थोड्या वेळाने ती हाक मारते, "टिटवे, फुटली का गं सुपारी?"

"होतंच आलंय, माय."

बाहेरचे लोक अजून विचारतात, दुसरा भाग कधी? मोठमोठी माणसं उत्तर देतात, की काम चालू आहे, पुढल्या वर्षी नक्की. त्यांना काय ठाऊक, देवी जेवायला बसल्या आहेत!

तात्पर्य: हाती घेतलेलं काम वेळेत तडीस न्यावं, असं शाळेत शिकवतात. गृहपाठापुरतं ते ठीक आहे. बाकी जग चाललं आहे ते कुठेतरी कुणाचा तरी विडा व्हायचा राहिला आहे म्हणून. देवाला जेवायला जरूर बोलवावं, आग्रहाने वाढावं, आणि त्याचं काम मात्र कधी संपू देऊ नये. तेव्हा मुलांनो, तुमच्याकडे देवी आल्या, तर तुम्हीही तसंच करा. टिटवीसारखी एक न फुटणारी सुपारी शोधा, मनोभावे फोडायला बसा, आणि त्यांनी विचारलं, की गोड आवाजात सांगा, होतंच आलंय.